घरातील ओल आणि बुरशी : दम्याच्या रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी काय करावे?

निफाड तालुक्यात बुरशी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षबागेत डाऊनी आणि भुरी, चाळीतल्या कांद्यावर काजळी, दोन्ही बुरशीचेच प्रकार. बागेत पानावर पहिला डाग दिसला की आपण त्याच दिवशी हालचाल करतो. घरात मात्र कपाटामागे काळे ठिपके दिसले की "पावसाळा आहे, चालायचेच" असे म्हणून सोडून देतो, किंवा दिवाळीला त्यावर रंगाचा हात मारतो.

पावसाळ्यात दवाखान्यात येणारी काही मुले रात्रभर खोकतात, सकाळी उठल्याबरोबर शिंका देतात आणि मामाच्या गावी गेली की आठ दिवसांत बरी होतात. घरी परतली की पुन्हा तेच. अशा वेळी औषध बदलण्याआधी मूल झोपते ती खोली पाहावी लागते.

थोडक्यात

- घरातील बुरशी ही मुळात पाण्याची तक्रार आहे. ओल थांबली नाही तर कोणतेही औषध किंवा रंग लावला तरी बुरशी परत येते.
- बहुतेक निरोगी माणसांना तिच्यामुळे गंभीर आजार होत नाही. दमा, ॲलर्जी, फुफ्फुसाचा जुना आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना मात्र त्रास होऊ शकतो.
- भिंतीवरचा काळा डाग म्हणजे कोविडकाळात ऐकलेला 'काळी बुरशी' हा आजार नव्हे.
- शेतीची बुरशीनाशके घरात फवारू नका. ब्लिच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका.

बुरशी घरात का वाढते?

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना न दिसणारे असतात आणि हवेत सगळीकडे असतात. ते घरात येऊ न देणे कोणालाच शक्य नाही. पण बीजाणू रुजायला ओलावा लागतो. अन्न म्हणून त्याला भिंतीवरची धूळ, रंग, लाकूड, पुठ्ठा, कापूस, चामडे असे काहीही चालते. म्हणून आपल्या हातात असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे ओल. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली तर तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही. घरातील हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तरी तिची वाढ मंदावते. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ते घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे बुरशीचे दोन हंगाम

निफाडला इगतपुरीसारखा धो धो पाऊस पडत नाही. त्यामुळे "आपल्याकडे कुठली ओल?" असे अनेकांना वाटते. पण घराला वर्षातून दोनदा धोका असतो.

पहिला हंगाम जून ते सप्टेंबर. स्लॅबच्या भेगांतून पाणी झिरपते, पत्र्याच्या सांध्यातून ठिबकते, जोत्यातून ओल वर चढते. कपडे घरातच वाळत घालावे लागतात आणि हवा आधीच दमट असते.

दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, आणि तो सहज नजरेतून सुटतो. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान नोंदले जाते. अशा रात्री आपण दारे-खिडक्या गच्च लावून झोपतो. चार-पाच माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ आणि अंघोळीच्या गरम पाण्याची वाफ घरातच कोंडते. ती थंडगार बाहेरच्या भिंतीवर जाऊन पाण्याच्या रूपात साचते. पाऊस नसताना कोपऱ्यात, पलंगामागे किंवा कपाटाच्या पाठीमागे बुरशी दिसली तर बहुधा हेच कारण असते.

आरोग्यावर काय परिणाम होतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी आणि दमा जास्त आढळतो, असे त्यात नमूद आहे. रुग्णांमध्ये दिसणारे त्रास साधारण असे असतात.

*सर्दी आणि डोळ्यांची ॲलर्जी.* सतत शिंका, नाक वाहणे किंवा चोंदणे, डोळे खाजणे, घशात खवखव. ताप नसतो. खोली बदलली की बरे वाटते.

*दमा वाढणे.* रात्री आणि पहाटे खोकला, छातीत घरघर, दम लागणे. ज्यांना बुरशीची ॲलर्जी आहे त्यांना दम्याचा जोराचा झटका येऊ शकतो.

*ॲस्परजिलसची ॲलर्जी.* दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीविरुद्ध शरीराची तीव्र प्रतिक्रिया होते. दमा औषधांना दाद देत नाही, तपकिरी रंगाच्या गुठळ्यांसारखा कफ पडतो, एक्स-रेमध्ये डाग दिसतात. हे डाग क्षयाच्या डागांसारखे वाटू शकतात, आणि भारतात असे रुग्ण आधी क्षयाची औषधे घेऊन आलेले अनेकदा आढळतात. थुंकीच्या तपासणीत क्षय सापडला नाही आणि औषधांनी उतार पडत नसेल, तर "मला ॲस्परजिलसची ॲलर्जी असू शकते का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा. रक्ततपासणी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅनने निदान होते. क्षयाचे सुरू असलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

*फुफ्फुसाला येणारी सूज.* बुरशी लागलेला भुसा, कडबा किंवा धान्य हाताळल्यावर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि दम लागतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते आणि गोठ्यात गेले की पुन्हा होते. याला अनेकदा फ्लू समजले जाते. वारंवार होत राहिले तर फुफ्फुस कायमचे कडक होऊ शकते.

*फुफ्फुसातील बुरशीचा संसर्ग.* क्षय बरा झाल्यावर फुफ्फुसात राहिलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार होऊ शकतो. खोकल्यातून रक्त पडणे हे त्याचे महत्त्वाचे लक्षण आहे. कर्करोगाची केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही संसर्गाचा धोका असतो.

गजकर्ण किंवा नायटा भिंतीवरच्या बुरशीमुळे होत नाही. त्याची बुरशी वेगळी असते आणि ती माणसाकडून, जनावराकडून किंवा एकमेकांचे कपडे-टॉवेल वापरल्याने पसरते. मात्र दमट हवा आणि अर्धवट वाळलेले कपडे तिलाही पोषक ठरतात.

भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस का?

नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि 'काळी बुरशी' हे नाव घरोघरी पोहोचले. तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की लोक घाबरतात. म्युकरमायकोसिसमध्ये काळे पडते ते रक्तपुरवठा तुटलेले शरीराचे मांस. ती बुरशी स्वतः काळी असतेच असे नाही. तो आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडचा जास्त वापर किंवा फार कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना होतो. भिंतीवरच्या बुरशीचा रंग काळा, हिरवा किंवा पांढरा असला तरी त्यावरून धोका ठरत नाही. कोणत्याही रंगाची असली तरी ती काढायची, एवढेच.

कोणी जास्त जपावे?

- दमा, ॲलर्जी किंवा धूम्रपानाने होणारा फुफ्फुसाचा आजार असलेले
- तान्ही बाळे, लहान मुले आणि वृद्ध
- पूर्वी क्षय होऊन गेलेले
- केमोथेरपी घेणारे, प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे

या व्यक्तींनी बुरशी साफ करू नये आणि साफसफाई चालू असताना त्या खोलीत थांबू नये. घरातली सर्वांत कोरडी, उजेडाची खोली त्यांना झोपायला द्या. पुष्कळ घरांत आजी-आजोबांची खाट मागच्या अंधाऱ्या खोलीत असते. ती पावसाळ्यापुरती तरी पुढे आणा.

आधी पाणी शोधा

साफसफाईला हात घालण्यापूर्वी ओल कुठून येते ते पाहा. भिंतच पुष्कळ सांगते.

- *जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, पोपडे आणि पांढरा लोणा :* ओल पायातून वर चढत आहे. बाहेर भिंतीलगत पाणी साचते का, अंगणाचा उतार घराकडे आहे का, ते पाहा.
- *छतावर किंवा भिंतीच्या वरच्या भागात पिवळसर डाग, पावसानंतर वाढणारा :* गच्चीची भेग, पत्र्याचा सांधा किंवा तुंबलेला पन्हाळ.
- *पाऊस नसतानाही वाढणारा डाग, पलीकडे न्हाणीघर किंवा मोरी :* नळाची पाइप गळते आहे.
- *कोपऱ्यात, फर्निचरमागे, खिडकीच्या चौकटीभोवती सुटे काळे ठिपके :* घरातली वाफ भिंतीवर साचते आहे.

खात्री नसेल तर एक सोपी चाचणी करा. भिंतीचा भाग पुसून कोरडा करा आणि त्यावर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ओल भिंतीच्या आतून येते. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली वाफ आहे. पहिल्या प्रकारात गवंडी किंवा प्लंबर लागेल, दुसऱ्या प्रकारात हवा खेळती ठेवून काम भागेल.

ओल तशीच ठेवून पुट्टी, ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिकचे पॅनेल लावले तर पाणी आत कोंडते आणि बुरशी मागे वाढत राहते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनाचा गंभीर आजार हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या कुटुंबाने बुरशीची तक्रार केली तेव्हा तिच्यावर रंग लावण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. पुढे तिथे त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. असे मृत्यू अत्यंत विरळ आहेत. पण रंगाने बुरशी झाकली जाते, जात नाही, हे लक्षात ठेवा.

साफसफाई कशी करावी?

डाग साधारण तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढ्यापर्यंत असेल तर निरोगी प्रौढ व्यक्ती घरच्या घरी साफ करू शकते. त्याहून मोठा असेल, किंवा गिलावा फुगून सुटला असेल, तर कारागिराकडून तेवढा गिलावा काढून नवा करणे योग्य.

१. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि शक्य असेल तर चष्मा घाला. ओढणी किंवा रुमाल बीजाणू अडवू शकत नाही.
२. खोलीतले कपडे, अंथरूण, खाण्याच्या वस्तू बाहेर काढा. खिडकी उघडा, घराच्या आतले दार लावा, पंखा बंद ठेवा.
३. डाग कोरडा खरवडू नका, झाडूही मारू नका. आधी साबणाचे पाणी लावून ओला करा, मग ब्रशने किंवा फडक्याने घासा.
४. साध्या पाण्याने पुसून घ्या. वापरलेले फडके पिशवीत बंद करून टाका.
५. भिंत पूर्ण कोरडी होऊ द्या. नंतर पंखा लावला तरी चालेल.
६. ओलीचे कारण दूर होऊन भिंत वाळल्यावरच रंग द्या.

फरशी, टाइल्स, काच अशा गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ ब्लिच वापरता येते. एक भाग ब्लिचला किमान सोळा भाग पाणी घ्या. गिलाव्याच्या किंवा लाकडाच्या आत ब्लिच नीट पोहोचत नाही, म्हणून तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी करू शकते. ती नुसती मारून भागत नाही, घासून काढून टाकावी लागते. दम्याच्या रुग्णाच्या घरी साबण आणि पाणी हाच पहिला पर्याय ठेवा.

कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. कापसाची गादी, उशी किंवा गोधडी आतपर्यंत ओली होऊन कुबट वास येत असेल तर ती वाचत नाही. जीवावर येते, पण टाकून द्या.

हे करू नका

*शेतीचे औषध घरात फवारू नका.* शेडमध्ये मॅन्कोझेब, मोरचूद किंवा हेक्झाकोनॅझोल ठेवलेले असते आणि "बागेतली बुरशी जाते तर भिंतीवरची का नाही?" असा विचार मनात येतो. ही औषधे उघड्या शेतासाठी असतात. बंद खोलीत त्यांचा अंश भिंतीवर आणि अंथरुणावर राहतो, आणि रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते.

*ब्लिचमध्ये टॉयलेटचे ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले क्लीनर मिसळू नका.* त्यातून विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. चुकून असे झाले तर ताबडतोब मोकळ्या हवेत या.

*वास घालवण्यासाठी धूप, अगरबत्ती, धुरी किंवा सुगंधी स्प्रे वापरू नका.* वास झाकला जातो आणि दमा वाढतो.

*बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका.* जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यांमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

पुराचे पाणी घरात आले असेल तर

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी चांदोरी आणि सायखेड्यात शिरले होते. पुरानंतरची बुरशी साध्या ओलीपेक्षा वेगाने वाढते, कारण भिंत, दार, गादी, धान्य सगळेच एकदम भिजते. विजेचे मुख्य बटण बंद आहे आणि वायरिंग तपासले आहे याची खात्री झाल्यावरच कामाला लागा. गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे घाला, कारण लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. फर्निचर भिंतीपासून दूर ओढा, भिजलेल्या गाद्या आणि धान्य बाजूला काढा. भिंती वाळायला अनेक आठवडे लागतात. तोपर्यंत रंगकाम करू नका. दम्याच्या रुग्णाला आणि लहान मुलांना त्या काळात नातेवाइकांकडे ठेवणे चांगले.

कांदाचाळ, गोठा आणि कूलर

उन्हाळ कांदा पावसाळाभर चाळीत राहतो आणि दमट हवेत त्याच्या सालींवर काळी पूड धरते. ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते. कांदा निवडताना ती धुळीसारखी उडते. दमा असलेल्यांनी हे काम टाळावे. टाळता येत नसेल तर एन-९५ मास्क लावावा, काम उघड्यावर करावे, आणि नंतर अंघोळ करून कपडे बदलावेत. झोपायच्या खोलीत कांद्याच्या गोणी, भुसा किंवा ओलसर धान्य ठेवू नका.

कूलरच्या गवताच्या जाळ्या दर उन्हाळ्यात बदला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. पावसाळ्यात पाणी घालून कूलर चालवला तर खोलीतली आर्द्रता आणखी वाढते.

रोजच्या सवयी

- पाऊस थांबून ऊन पडले की खिडक्या उघडा. हिवाळ्यात दुपारी तासभर तरी घर मोकळे करा.
- अंघोळीनंतर न्हाणीघराचे आतले दार लावा, बाहेरची खिडकी उघडा किंवा एक्झॉस्ट फॅन लावा. स्वयंपाक करतानाही तसेच करा.
- कपडे शक्यतो ओट्यावर, गॅलरीत किंवा शेडखाली वाळवा, झोपायच्या खोलीत नको.
- कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे तरी लांब ठेवा.
- मे महिन्यात गच्चीच्या भेगा, पत्र्याचे सांधे आणि पन्हाळ तपासा. पाऊस सुरू झाल्यावर गवंडी मिळत नाही आणि भिंतही वाळत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, वजन घटले किंवा संध्याकाळी ताप येऊ लागला तर. अशा वेळी क्षयाची तपासणी आधी करावी.
- रात्री खोकल्याने वारंवार जाग येत असेल किंवा पंप नेहमीपेक्षा जास्त लागत असेल तर.
- मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्याच्या एका बाजूला सूज, दुखणे, नाकातून काळसर स्राव किंवा अंधुक दिसणे असे काही असेल तर त्याच दिवशी.

तातडीने रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा : बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, ओठ निळसर पडले, मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जातात, पंप घेऊनही आराम नाही, किंवा खोकल्यातून बरेच रक्त पडले.

डॉक्टरांना भेटताना तीन गोष्टी सांगा : त्रास कोणत्या खोलीत वाढतो, कोणत्या महिन्यात वाढतो, आणि दुसऱ्या गावी गेल्यावर कमी होतो का. मोबाइलमध्ये भिंतीचा फोटो असेल तर तोही दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घरात बुरशी आहे, म्हणून बुरशीच्या गोळ्या घ्याव्यात का?*
नाही. ॲलर्जीवर बुरशीनाशक गोळ्यांचा उपयोग नसतो. त्या ठरावीक आजारांतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

*घर स्वच्छ केले, आता दम्याचा पंप बंद करू का?*
स्वतःहून बंद करू नका. पंपाची 'सवय' लागत नाही. त्रास कमी झाला तर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतील.

*बुरशीचा प्रकार लॅबमधून तपासून घ्यावा का?*
सहसा गरज नसते. प्रकार कोणताही असला तरी उपाय तोच : ओल थांबवणे आणि बुरशी काढणे.

*भाड्याचे घर आहे. काय करावे?*
तारखेसह फोटो काढा आणि घरमालकाला ओलीचे कारण दाखवून दुरुस्ती मागा, नुसता रंग नको. तोपर्यंत रुग्णाचे अंथरूण त्या भिंतीपासून दूर न्या. हा बदल आज रात्रीच करता येतो.